कृष्णविवरांची टक्कर, घरच्या संगणकावर

सुटीच्या दिवशी सकाळी एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात किंवा कंपनीच्या रिकाम्या कचेरीत काही मंडळी जमतात. कुणी विद्यार्थी, कुणी शिक्षिका, कुणी नोकरदार. पुण्या-मुंबईत ‘पायथॉन’ या संगणकभाषेच्या अशा बैठका होत असतात. (सापाशी या नावाचा संबंध नाही. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ते ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून उचलले!) वैज्ञानिक आकडेमोड शिकायची तर अशा बैठकीत हाती घ्यावे असे एक उदाहरण आहे, आणि त्याचे एक टोक पुण्यातच आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन यंत्रांनी एक क्षीण कंप टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, त्यातून निघालेली ही गुरुत्वीय लहर. कंप टिकला जेमतेम एक पंचमांश सेकंद. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला, तेव्हा लायगोने त्या घटनेचे आकडेही सर्वांना खुले केले आणि ते कसे तपासावेत याचा पायथॉनमधील पाठही सोबत दिला.

३२ सेकंदांची नोंद, दर सेकंदाला ४०९६ आकडे. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक. आलेख काढावा तर दिसतो नुसता गोंगाट. साध्या पायथॉनने एकेक आकडा हाताळणे म्हणजे तांदूळ दाणा दाणा उचलून निवडणे. ‘नमपाय’ ही आज्ञावली मात्र सगळा ढीग सुपात घेऊन एकदम पाखडते. गोंगाट गाळल्यावर अपेक्षित लहरीचा नमुना त्या आकड्यांवरून सरकवत न्यायचा. जिथे तो जुळतो, तिथे रेघ उसळी मारते. असे नमुने कसे निवडावेत यावरचे ‘आयुका’चे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. योगायोग असा, की पायथॉनही त्याच वर्षी जगापुढे आली.

या साऱ्याला खर्च? एक छदामही नाही. पण फुकट मिळते ते आपोआप उगवलेले नसते. आलेख काढणारी ‘मॅटप्लॉटलिब’ ही आज्ञावली जॉन हंटर या मेंदूसंशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील लहरी पाहता याव्यात म्हणून लिहायला घेतली. २०१२ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले. नमपायची देखभालही वर्षानुवर्षे थोडीच माणसे फावल्या वेळात करीत आली. तिला पहिला मोठा निधी मिळायला २०१७ उजाडले.

नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून कुणी बैठकीला आले, तर त्यात गैर काहीच नाही. पण याच आज्ञावलीतील चूक शोधून कळवणे, तिच्या माहितीतील अडखळते वाक्य सुधारणे, हेही त्याच खोलीत शिकवले पाहिजे. नुसते घेत राहणाऱ्यांची गर्दी फार झाली आहे.

लायगोचे भारतीय केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हिंगोली-परभणीच्या एखाद्या महाविद्यालयात बैठक भरवायला एक वर्ग, एक प्रोजेक्टर आणि ती ३२ सेकंदांची नोंद एवढे पुरते.