बर्फावरची मोटार आणि तिचे टायर

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मानेसर हे औद्योगिक नगर वसले आहे. मोटारींचा एक मोठा कारखाना तेथे आहे. वाहनांची व त्यांच्या सुट्या भागांची परीक्षा घेणारी ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी’ ही संस्थाही २००६ सालापासून तेथेच आहे. उन्हाळ्यात तेथील पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो चार-पाच अंशांवर उतरला, तरी दुपारी ऊन सुखद असते. हिम तेथे कोणी कधी पाहिलेले नाही. अशा गावी हिवाळी टायरचा विचार करणे वाचकांस विचित्र वाटेल. परंतु कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्गाने निघून कुंडलीस लागावे, तेथून पानिपत, अंबाला करीत बिलासपूर, मंडी, कुलू असे जावे, की सुमारे साडेपाचशे किलोमीटरांवर मनाली येते. तेथून पंचवीस-तीस किलोमीटर वर गेले, की २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्याचे दक्षिणद्वार ३,००० मीटरांहून अधिक उंचीवर उभे असते. सकाळी धुक्यात सुरू केलेली मोटार दुसऱ्या दिवशी हिमावर उभी राहते, आणि चाकांवरचे रबर मात्र तेच असते.

हिमवृष्टी झाली, की मनालीच्या वर सोलंग येथे पोलीस गाड्या अडवितात. साखळ्या लावलेली अथवा चारही चाकांना इंजिनाची गती मिळणारी, म्हणजे चालक ज्यांस ‘फोर बाय फोर’ म्हणतात तशी, गाडीच तेवढी पुढे सोडतात. हा नियम सोयीचा आहे. परंतु त्यातून एक गैरसमज दृढ झाला आहे. गाडी चतुश्चक्रचालित असली म्हणजे बर्फाची चिंता नको, असे पुष्कळांना वाटते. डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यांत या मार्गावर हिम पडले, तेव्हा हजारो पर्यटक गाड्यांसह अडकून पडले आणि पोलिसांना रात्री त्यांची सुटका करावी लागली. त्या दिवसांत चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यादेखील उतारावरून असहायपणे घसरत गेल्या. असे का व्हावे?

याचे उत्तर फार साधे आहे. इंजिनाची गती दोन चाकांना मिळो वा चार चाकांना, ब्रेक मात्र प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. म्हणून निघताना आणि चढताना चतुश्चक्रचालित गाडीला जो लाभ होतो, तो थांबताना मुळीच होत नाही. थांबणे हे केवळ टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षणावर अवलंबून असते.

थोडे गणित करून पाहू. घट्ट दबलेल्या हिमावर सामान्य टायरचा घर्षणांक उदाहरणादाखल ०.२ धरू, कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ०.७ च्या घरात असतो. दहास एक असा चढ आहे, म्हणजे दहा मीटर पुढे गेले की रस्ता एक मीटर वर जातो. दोन चाकांनी ओढणारी गाडी आपल्या सुमारे निम्म्या वजनाचेच घर्षण वापरू शकते. ती या चढावर जेमतेम अडेल किंवा चढेल. चारही चाकांनी ओढणारी गाडी तो चढ सहज चढून जाईल. आता तीच गाडी तोच रस्ता ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरत आहे. गुरुत्वाकर्षण तिला ०.१ च्या प्रमाणात खाली ओढते, ०.२ मधून ते वजा जाता थांबण्यासाठी अवघे ०.१ उरते. हिशेब केला तर गाडी थांबण्यास ३५ मीटर लागतात. डोंगरातील वळणावर ३५ मीटर रस्ता पुढे दिसतोच असे नाही. टायर बदलून घर्षणांक ०.३ झाला, तर हेच अंतर सुमारे १८ मीटरांवर येते. घर्षणात दीडपट वाढ, पण थांबण्याचे अंतर निम्मे. आणि रस्त्यावर पाण्याचा कडक बर्फ होऊन घर्षणांक ०.१ वर आला, तर त्या उतारावर गाडी थांबणारच नाही, मग चालक कितीही कुशल असो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन चाकांनी ओढणाऱ्या गाडीची चाके निघतानाच जागच्या जागी फिरू लागतात आणि चालकास रस्ता निसरडा असल्याची सूचना मिळते. चतुश्चक्रचालित गाडी ही सूचना गिळून टाकते. ती निमूटपणे निघते, निमूटपणे वेग घेते. रस्ता निसरडा आहे हे प्रथम कळते ते ब्रेकवर पाय ठेवल्यावर. या दृष्टीने अशा गाडीच्या मालकास चांगल्या टायरची गरज इतरांहून कमी नव्हे, अधिकच असते.

हे घर्षण प्रत्यक्षात केवढ्याशा जागेत घडते, तेही पाहावे. १,२०० किलोग्रॅम वजनाच्या लहान गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोग्रॅम असतो. म्हणजे सर्व वजन तोलण्यास ६०० चौरस सेंटिमीटर पुरतात. प्रत्येक टायरच्या वाट्यास १५० आले. माणसाच्या पसरलेल्या हाताएवढीच ही जागा होय. बैलगाडीच्या चाकावर चढविलेली लोखंडी धाव ही चाक झिजू नये म्हणून असते. तिने रस्ता पकडावा अशी अपेक्षा नसते, कारण ओढण्याचे काम बैलांच्या खुरांकडे असते. मोटारीत धाव आणि खूर या दोहोंचे काम एकट्या रबराला करावे लागते.

रबर रस्त्याला पकडते ते आपल्या मऊपणामुळे. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट भासला, तरी त्यावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. रबर त्यांवर दाबले जाते, त्यांच्या फटींत शिरते आणि पुन्हा पूर्वस्थितीस येते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली; त्यामुळे उन्हाने चिकट होणारे व थंडीने कडक होणारे रबर वापरण्याजोगे झाले. तथापि थंडीचा परिणाम पूर्णपणे नाहीसा झाला नाही. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात आणि उष्णतेमुळे त्यांची सतत वळवळ चालू असते. तापमान उतरले की ही वळवळ मंदावते. नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या आसपास काचेसारखे ठिसूळ बनते. परंतु त्याच्या पुष्कळ आधीच ताठरपणा येऊ लागतो, आणि उन्हाळी टायरसाठी मुद्दाम बनविलेल्या मिश्रणात तो याहूनही लवकर येतो. थंडीत तूप थिजते तसा हा एका क्षणी होणारा बदल नव्हे. तो हळूहळू येतो, म्हणूनच लक्षात येत नाही. सर्वसाधारणपणे ७ अंशांखाली उन्हाळी टायरची पकड उणावू लागते असे मानतात. हिवाळी टायरच्या मिश्रणात थंडीतही लवचीक राहणारे रबर घालतात, आणि काजळीच्या जोडीला सिलिका मिसळून ओल्या रस्त्यावरील पकड राखतात.

दुसरा फरक टायरवरील नक्षीत असतो. रव्याचा लाडू वळताना मूठ दाबली की सुटा रवा एकमेकांस धरून बसतो. ताजे हिमही तसेच आहे. हिवाळी टायरच्या रुंद खाचांत हिम भरते, दाबले जाते आणि रस्त्यावरील हिमाला जणू दात बनून पकडते. हिमाला रबरापेक्षा हिमच अधिक चांगले धरते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. गाडी हलताना त्या उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा पृष्ठभागास खरडतात.

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही. चालकाने मात्र हा भेद विसरू नये. मनालीकडे दिवसा हिम वितळते, रस्त्यावर पाणी पसरते आणि सूर्य मावळताच त्याचा काचेसारखा पारदर्शक पापुद्रा होतो. शून्य अंशाच्या जवळचा बर्फ हा फार थंड बर्फापेक्षाही निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो. येथे हिवाळी टायरही थोडीच मदत करतो. साखळी किंवा धातूचे खिळे यांचाच तेथे उपयोग होतो.

खिळ्यांच्या टायरचा इतिहास बोधप्रद आहे. हिवाळ्यासाठी खास टायर प्रथम फिनलंडमध्ये १९३४ साली निघाले. खिळ्यांची पद्धत नंतर थंड देशांत पसरली. जपानमध्ये मात्र या खिळ्यांनी रस्ते उकरले जाऊन सेंदाईसारख्या शहरांची हवा धुळीने भरली, तेव्हा १९९० साली कायद्याने त्यांवर बंदी आली. तेथील कारखान्यांनी मग खिळ्यांवाचून बर्फ पकडणारे मऊ टायर परिपूर्ण करण्याचा ध्यास घेतला. मानेसरच्या शेजारी गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होणारी जिम्नी ही छोटी चतुश्चक्रचालित गाडी २०२५ सालापासून जपानातही विकली जाते. तेथील हिमप्रदेशातला मालक हिवाळा येताच तिचे चारही टायर बदलतो; येथील मालक बाराही महिने एकाच संचावर फिरतो. गाडी एकच, परंतु दोघांचेही वर्तन आपापल्या हवेला धरून आहे. म्हणून जपानी मालकाचे अनुकरण येथे जसेच्या तसे करता येत नाही.

हिवाळी टायर मानेसरहून मनालीस नेला, तर साडेपाचशे किलोमीटरांपैकी पाचशेहून अधिक किलोमीटर तो कोरड्या, कोमट रस्त्यावर धावणार. तेथे त्याचे मऊ रबर भराभर झिजते, वळणावर लिबलिबीत वाटते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबते. मे महिन्यापर्यंत तो चाकावर राहिला तर विचारूच नये. म्हणून हिवाळ्यात एकदा-दोनदा पहाडात जाणाऱ्या गृहस्थाने खरा हिवाळी टायर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने सर्व ऋतूंसाठी बनविलेला, परंतु हिमावर परीक्षा दिलेला टायर शोधावा. तशी परीक्षा दिल्याची खूण टायरच्या बाजूवर उमटविलेली असते : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमाची पाकळीदार चांदणी. केवळ ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असतील तर तेवढ्यावर विसंबू नये. चिखल आणि हिम यांसाठी नक्षी खोल आहे एवढेच ती सांगतात, आणि त्यासाठी हिमावरील परीक्षा आवश्यक नसते. असा टायर आपल्या मापात मिळाला नाही, तर चांगल्या नक्षीचा नेहमीचा टायर आणि गाडीत मापाच्या साखळ्या ठेवाव्यात. त्या चढविण्याचा सराव घरच्या अंगणात करून पाहावा. गोठलेल्या बोटांनी अंधारात प्रथमच तो करणे हा शिक्षणाचा योग्य मार्ग नव्हे. साखळ्या कोणत्या चाकांना लावावयाच्या हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, त्या लावून वेग फारच कमी ठेवावा आणि उघडा डांबरी रस्ता लागताच त्या काढाव्यात. नोकरीनिमित्त जो लाहौलमध्ये, लडाखमध्ये किंवा काश्मीरच्या उंच भागात हिवाळा काढणार असेल, त्याची गोष्ट वेगळी. त्याने नोव्हेंबर ते मार्चसाठी हिवाळी टायरचा संपूर्ण संच घ्यावा.

संपूर्ण म्हणजे चारही. खर्च वाचविण्यासाठी दोनच टायर बदलण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. पुढे नवे घातले तर वळणावर मागचा भाग फिरून पुढे येऊ पाहतो. मागे घातले तर सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जाते. शिवाय चतुश्चक्रचालित गाडीत पुढची व मागची चाके दंतचक्रांनी वा तत्सम योजनेने एकमेकांस जोडलेली असतात. टायरचा घेर कमीजास्त असला की ती सारखी एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि तो ताण यंत्रणेस सोसावा लागतो.

गाडी दिमाखदार दिसावी म्हणून रुंद टायर घालण्याची आवड अलीकडे फार बोकाळली आहे. हिमावर ती उपयोगाची नाही. अरुंद टायर भुसभुशीत हिम कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो; रुंद टायर वरच तरंगतो. जिम्नीला कारखान्यात १९५/८० आर १५ या मापाचे, म्हणजे १९५ मिलिमीटर रुंदीचे टायर मिळतात. त्यांत बदल करण्याचे काहीच कारण नाही. नक्षीची खोली मात्र मोजावी. आपल्याकडे कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर हवेत, आणि हिमासाठी तोच आकडा धरणे शहाणपणाचे आहे. खेड्यापाड्यांत ज्यास ‘गोटा झालेला’ म्हणतात तो टायर तर घाटाच्या पायथ्याशीही नको. टायरच्या बाजूवरील चार अंकांत त्याचा जन्म लिहिलेला असतो : ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेले रबरही वयाने कडक होते, म्हणून विकत घेताना ते अंक वाचावेत.

हवेच्या दाबाविषयी एक मौज सांगण्यासारखी आहे. २५ अंशांवर मोजून भरलेली हवा उणे ५ अंशांत गेली, की आकुंचनामुळे दाबमापकावर दाब सुमारे ०.३ बारने कमी दिसावयास हवा. परंतु तीन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या वातावरणाचा दाबही जवळजवळ तेवढाच घटलेला असतो, आणि दाबमापक आतील व बाहेरील दाबांतील फरकच दाखवितो. त्यामुळे मानेसरला भरलेला टायर बोगद्यापाशी पुष्कळदा जवळपास तोच आकडा दाखवितो. परतीच्या वाटेवर कडाक्याच्या थंडीतच सपाटीवर उतरलो, तर मात्र दाब कमी भरतो. म्हणून दाब मुक्कामावर, सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावा.

ज्याने दोन संच ठेवले असतील, त्याने न वापरलेला संच थंड, कोरड्या व अंधाऱ्या खोलीत ठेवावा. मानेसरच्या गच्चीवरील ऊन आणि विजेच्या मोटारीजवळ निर्माण होणारा ओझोन वायू हे दोन्ही रबराला भेगा पाडतात. काढताना प्रत्येक टायरवर खडूने त्याची जागा लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरात पुढचे मागे व मागचे पुढे लावून झीज सारखी करता येते. मात्र नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर डावा टायर डावीकडे आणि उजवा उजवीकडेच राहिला पाहिजे.