वाहनाचा नवा रंग आणि मेणलेपनाची वेळ : नायगाव परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : वाहनरंग, मेण, द्रावक, आर्द्रता, खारी हवा

प्रस्तावना

वसई खाडीच्या उत्तर तीरावर वसलेल्या नायगावला खाडी, मिठागरे आणि समुद्र यांचे सान्निध्य लाभले आहे. त्यामुळे येथील हवेत क्षारांचे व बाष्पाचे प्रमाण अधिक असते. पत्र्याला गंज लवकर धरतो आणि वाहनाला पुन्हा रंग देण्याची वेळही लवकर येते. रिक्षा-टेम्पोच्या मालकास ‘पासिंग’पूर्वी किंवा दसऱ्याच्या तोंडावर हा खर्च करावा लागतो. रंग ताजा असतानाच त्यावर मेणाचे पॉलिश चढवले म्हणजे तो अधिक टिकेल, अशी त्याची स्वाभाविक समजूत असते. या समजुतीचा शास्त्रीय विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाळणे आणि पक्के होणे

रंग हाताला लागेनासा झाला की तो वाळला असे म्हटले जाते; परंतु वाळणे आणि पक्के होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. रंगाच्या थरात राळ, रंगद्रव्य व द्रावक म्हणजे थिनर असतो. वरचा पृष्ठभाग काही तासांत कोरडा होतो. खालच्या थरातील द्रावक मात्र त्यातून वाट काढत कित्येक दिवस बाहेर पडत राहतो. या काळात रंग मऊ असतो. त्यावर मेणाचा थर दिल्यास द्रावकाच्या वाटेत अडथळा येतो आणि चकाकी मंदावणे, धूसरपणा येणे, क्वचित बारीक फोड उठणे असे दोष संभवतात. बाजारातील अनेक मेणांमध्ये स्वतःचाही द्रावक असतो व तो कच्च्या रंगास मऊ करू शकतो.

दुसरे कारण व्यावहारिक आहे. नव्या रंगकामात एखादा डाग राहिल्यास तो भाग पुन्हा फवारावा लागतो. अनेक पॉलिशांत सिलिकोन असते. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला तर नवा रंग तेथे धरत नाही व माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

रंगाचे प्रकार

मेण केव्हा लावावे, याचे उत्तर रंगाच्या प्रकारावर अवलंबून आहे.

१) कारखान्यातील रंग : नव्या वाहनाचा रंग सामान्यतः १२० ते १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का केलेला असतो. तेथे प्रतीक्षेची आवश्यकता नाही.

२) नायट्रोसेल्युलोज लॅकर : १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीने ‘ड्युको’ या नावाने तो मोटारींसाठी आणला. आपल्याकडील कारागिरांच्या बोलीत ते नाव आजही टिकून आहे. हा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो.

३) एनॅमल : हा हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश कठीण होतो.

४) दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग : यात हार्डनर मिसळल्यावर रासायनिक बंध निर्माण होतात. सुमारे ६० अंशांच्या बूथमध्ये तो लवकर पक्का होतो. उघड्या शेडमध्ये अधिक काळ लागतो.

शेवटच्या तीन प्रकारांसाठी उत्पादकांच्या सूचना सर्वसाधारणपणे ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान असतात.

स्थानिक हवामानाचा परिणाम

या सूचना कोरड्या, उबदार हवेस गृहीत धरतात. पावसाळ्यातील नायगावचे उदाहरण घ्यावे. तापमान २८ अंश व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो. तो तीन अंशांनी जरी उतरला तरी हवेतील बाष्प ओल्या रंगावर साचते आणि लॅकरवर पांढुरकी छटा उमटते. पॉलियुरेथेनमधील हार्डनर पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड निर्माण करतो. त्यामुळे बुडबुडे येऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात शेडमध्ये दिलेल्या रंगास ३० ऐवजी ६० ते ९० दिवसांचा अवधी देणे हितावह ठरते.

दसऱ्याचा प्रश्न येथेच उद्भवतो. या भागातून पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. सणापूर्वी दिलेला रंग दमट हवेतच वाळलेला असतो. त्यावर पूजेचे हळदकुंकू व ओल्या फुलांचे हार दीर्घकाळ राहिल्यास डाग पडतात. पूजेनंतर ते काढून वाहन स्वच्छ पाण्याने धुणे योग्य.

प्रतीक्षाकाळातील काळजी

मेण नाही म्हणून रंग निराधार राहत नाही. वाहन सावलीत उभे करावे. पहिला आठवडा उलटल्यावर साध्या पाण्याने व सौम्य साबणाने ते हलक्या हाताने धुवावे. क्षार व पक्ष्यांची विष्ठा साचू देऊ नये. मुदत संपल्यावर दाराच्या आतील कडेस नख हलके दाबून पाहावे. खूण राहत असेल किंवा थिनरचा वास येत असेल, तर आणखी थांबावे.

समारोप

मेण हे गंजावरील औषध नव्हे. गंज रोखण्याचे मुख्य काम पत्र्याची स्वच्छता व प्रायमर करतात. मेण केवळ वरच्या थराचे रक्षण करते व काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. त्यामुळे दोन महिने थांबण्यात तोटा अत्यल्प आहे, तर घाईत संपूर्ण रंगकामाचा खर्च वाया जाण्याचा संभव आहे. रंगकाम स्वीकारतानाच रंगाचा प्रकार विचारून घेणे आणि शक्य असल्यास ते काम पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत करणे, हाच खाडीकाठच्या वाहनधारकासाठी किफायतशीर मार्ग होय.