कळसूबाईला जाताय? एवढं ऐका

थंडी पडली की गटागटांतून सहलीचा विषय निघतो. अकोले तालुक्यातलं कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. बारी गावातून चढायला साधारण तीन ते चार तास लागतात. म्हणून आम्ही सांगतो, सकाळी लवकर निघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. लोखंडी शिड्या उजेडातच उतरून झाल्या पाहिजेत. शिडीवर हात मोकळे हवेत, सामान पाठीवर घ्या. साडी नेसली असेल तर ओचा नीट खोचा. उभ्या शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडे ठेवा.

आता पाण्याचं. थंडीत तहान जाणवत नाही, पण चढताना घाम येतोच. तो कोरड्या वाऱ्यात वाळतो, म्हणून कळत नाही. त्यात वाटेत आडोसा नाही म्हणून आपण बायका मुद्दाम पाणी टाळतो. मग डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते. त्यापेक्षा एक जुनी चादर सोबत घ्या. दोघींनी धरली की झाला आडोसा. प्रत्येकीने दोन लिटर पाणी न्या, घोट घोट पीत राहा.

स्वेटर चढताना काढून ठेवा. माथ्यावर देवळापाशी वारा लागला की घामाने भिजलेलं पोलकं गार पडतं. तेव्हा तो घाला.

कुणी दमली तर तिला एकटीला मागे पाठवू नका, एकीने सोबत उतरा. देवी तिथंच आहे, पुन्हा जाता येईल.