चमचाभर साखर आणि नव्वद मिनिटांचा खेळ

मोठ्या फुटबॉल सामन्याआधी दोन्ही संघ रांगेने मैदानात उतरतात. त्या वेळी खेळाडूंचा हात धरून काही लहान मुले चालत असतात, हे तुम्ही टेलिव्हिजनवर पाहिले असेल. ही मुले त्या दिवशीची क्लबाची पाहुणी असतात. त्यांना खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली दाखवतात, आवडत्या खेळाडूशी चार शब्द बोलू देतात आणि सामना पाहायला चांगली जागा देतात. युरोपातील काही क्लब असे आमंत्रण मुद्दाम मधुमेह असलेल्या मुलांना देतात. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या हिबर्नियन क्लबाकडून स्कॉट ॲलन नावाचा खेळाडू खेळत असे. त्याला स्वतःला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मधुमेह आहे. क्लबात असताना तो अशा मुलांना आवर्जून भेटत असे.

आता कोणी विचारील, की मधुमेही मुलांना फुटबॉलच्या मैदानावर नेण्यात विशेष ते काय? विशेष असे, की अशा मुलाला पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो तो ‘आता खेळ बंद’ असा. घरचे घाबरलेले असतात, शाळेला जबाबदारी नको असते आणि मुलगा कवायतीच्या तासाला झाडाखाली बसून राहतो. अशा मुलाने जर एखाद्या नामांकित खेळाडूचा हात धरला आणि त्याला कळले, की हाही आज सकाळी आपल्यासारखीच सुई टोचून घेऊन आला आहे, तर त्याच्या मनातली अर्धी भीती तिथेच जाईल.

परंतु भीती जाणे वेगळे आणि धोका जाणे वेगळे. धोका कोठे आहे आणि तो कसा टाळता येतो, हे समजण्यासाठी आपल्याला थोडे गणित करावे लागेल.

रक्तात साखर असते तरी किती?

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. आपण ९० मिलिग्रॅम धरू. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते, म्हणजे १०० मिलिलिटरचे ५० भाग. ९० गुणिले ५० म्हणजे ४५०० मिलिग्रॅम, अर्थात साडेचार ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते. म्हणजे आपल्या साऱ्या रक्तातली साखर एका चमच्यात बसेल!

आता खर्चाची बाजू पाहू. एक किलोग्रॅम वजन एक किलोमीटर पळवत न्यायला ढोबळमानाने १ किलोकॅलरी ऊर्जा लागते. फुटबॉलचा खेळाडू एका सामन्यात सुमारे १० किलोमीटर अंतर काटतो. त्याचे वजन ७० किलोग्रॅम धरले, तर खर्च झाला निदान ७०० किलोकॅलरी. ९० मिनिटांनी भागले, की मिनिटाला जवळजवळ ८ किलोकॅलरी येतात. एक ग्रॅम ग्लुकोजपासून ४ किलोकॅलरी मिळतात, तेव्हा रक्तातल्या साडेचार ग्रॅमची किंमत १८ किलोकॅलरी. एवढ्या शिदोरीवर खेळाडू सव्वादोन मिनिटे पळेल आणि खाली बसेल.

प्रत्यक्षात तो नव्वद मिनिटे पळतो. हे कसे? स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली असते. शिवाय चरबीही जळत असते. यकृत आपल्या साठ्यातून रक्तात साखर सोडत राहते, स्नायू ती उचलत राहतात आणि रक्तातली पातळी जवळजवळ कायम राहते. म्हणजे रक्त हे साखरेचे कोठार नव्हे; ती नुसती वाहून नेणारी नळी आहे. हजार रुपयांची उलाढाल करणाऱ्या दुकानदाराच्या गल्ल्यात कोणत्याही क्षणी पाचच रुपये असावेत, तसा हा प्रकार आहे. हिशेब थोडा चुकला तरी गल्ला रिकामा होणार! आणि येथे गल्ला रिकामा होऊन चालत नाही, कारण मेंदूचा चरितार्थ मुख्यतः या साखरेवरच चालतो.

शरीरातला बॉलकॉक

तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. त्याला आपण बॉलकॉक म्हणतो. पाणी चढले, की गोळा वर जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले, की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. पातळी मोजायची आणि त्यानुसार नळ फिरवायचा, ही दोन्ही कामे तो एकटाच करतो.

रक्तातल्या साखरेसाठी असाच बॉलकॉक आपल्या स्वादुपिंडात आहे. पॉल लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके पाहिले. त्यांना आज आपण लांगरहान्सची द्वीपे म्हणतो. या द्वीपांतील बीटा पेशी रक्तातली साखर सतत मोजत असतात. साखर वाढली, की त्या इन्शुलिन हे संप्रेरक सोडतात. इन्शुलिनच्या हुकमाने स्नायू साखर आत घेतात आणि यकृत ती साठवून ठेवते. साखर उतरू लागली, की इन्शुलिन कमी होते आणि शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडून यकृताचे कोठार उघडतात.

मुलांमध्ये जो मधुमेह मुख्यतः आढळतो त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून बीटा पेशींवर हल्ला करते आणि त्यांचा नाश करते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा विकार गोड खाल्ल्यामुळे होत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपल्या आजीआजोबांना बहुधा असतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात इन्शुलिन तयार होते, परंतु शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही.

पहिल्या प्रकारात बॉलकॉकच मोडलेला असतो. पूर्वी याला उपाय नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. मरणाच्या दारातून परत आलेला तो पहिला रुग्ण. हे इन्शुलिन मिळवण्यामागे बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांचे परिश्रम होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक त्यांपैकी बँटिंग व मॅक्लाउड यांना मिळाले.

मैदानावर काय घडते?

इन्शुलिन मिळाले म्हणजे नळ मिळाला. पण तो फिरवणारा गोळा मिळाला नाही. पातळी मोजण्याचे आणि नळ किती उघडायचा हे ठरवण्याचे काम आता त्या मुलालाच करावे लागते. खेळताना हे काम कठीण होते. त्याची कारणे अशी :

पहिले कारण. निरोगी माणूस पळू लागला, की त्याचे स्वादुपिंड इन्शुलिन आपोआप कमी करते. टोचून घेतलेले इन्शुलिन मात्र कातडीखालून रक्तात उतरतच राहते. सुटलेला बाण आणि टोचलेले इन्शुलिन परत घेता येत नाही.

दुसरे कारण. स्नायू आकुंचन पावू लागले, की साखर आत नेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. त्यासाठी इन्शुलिनच्या हुकमाची गरज नसते. म्हणजे साखर आत ओढणारे दोन हात झाले : एक इन्शुलिनचा आणि दुसरा व्यायामाचा. साखर भराभर खाली येते.

तिसरे कारण उलट दिशेचे आहे. गोलाकडे जोराची धाव, सामन्याची चुरस, प्रेक्षकांचा गलका यांमुळे ॲड्रेनलिन वाढते. ते यकृताला साखर सोडायला लावते आणि पातळी वर चढते. सामन्याच्या दिवशी नुसत्या उत्कंठेनेही साखर वाढू शकते.

चौथे कारण सर्वांत फसवे. खेळ संपल्यावर स्नायू आपले रिकामे कोठार भरू लागतात आणि हे काम कित्येक तास चालते. त्यामुळे संध्याकाळी खेळलेल्या मुलाची साखर मध्यरात्री झोपेत उतरू शकते.

तेव्हा मधुमेही खेळाडू काय करतो? खेळाआधी, मध्यंतरात आणि खेळानंतर साखर मोजतो. कमी असेल तर काही खातो. इन्शुलिनचा डोस किती बदलायचा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवतो. हे सर्व त्याला जन्मभर रोज करावे लागते.

ज्यांनी करून दाखवले

स्कॉटलंडचा डॅनी मॅक्ग्रेन सेल्टिक क्लबाचा बचावपटू होता. १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेनंतर त्याला मधुमेह असल्याचे आढळले. तो खेळत राहिला, आणि १९८२ मध्ये विश्वचषकासाठी स्पेनला गेलेल्या स्कॉटलंडच्या संघाचा कर्णधार झाला. इंग्लंडच्या गॅरी मॅबटला सतराव्या वर्षी हा विकार जडला. धंदेवाईक फुटबॉल विसरा, असे त्याला सांगण्यात आले. तो १९८२ ते १९९८ टॉटनहॅमकडून खेळला आणि १९९१ मध्ये कर्णधार म्हणून त्याने एफ.ए. कप उंचावला. मुलांच्या एका टेलिव्हिजन कार्यक्रमात त्याने संत्र्यावर सुई टोचून इन्शुलिन कसे घ्यायचे ते दाखवले होते. स्पेनचा नाचो फर्नांडिस बारा वर्षांचा असताना त्यालाही एका डॉक्टरांनी फुटबॉल संपला असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र खेळत राहण्यास सांगितले. १ जून २०२४ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर रेआल माद्रिदने युरोपचे अजिंक्यपद जिंकले तेव्हा त्या संघाचा कर्णधार नाचो होता. क्रिकेटमधले उदाहरण हवे असेल, तर वासीम अक्रम आहे. १९९७ मध्ये मधुमेहाचे निदान झाल्यावरही तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामन्यांत गोलंदाजी करीत होता.

दंडावरची चकती

मॅक्ग्रेनच्या काळी साखर मोजणे सोपे नव्हते. आता काही मुलांच्या दंडावर नाण्याएवढी एक चकती चिकटवलेली दिसते. तिच्याखाली केसासारखा बारीक तंतू कातडीत शिरलेला असतो. तंतूवर एक विकर असते. ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया झाली, की अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. दर काही मिनिटांनी हा आकडा मोबाइलवर दिसतो. अशा विकरयुक्त विद्युतअग्राची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली होती.

येथे एक मेख आहे. तंतू रक्तात नसतो, पेशींमधल्या द्रवात असतो. रक्तातला बदल तेथे पोहोचायला ५ ते १५ मिनिटे लागतात. पळणाऱ्या मुलाची साखर भराभर उतरत असताना चकती थोडी जुनी बातमी देते. म्हणून अंग थरथरू लागले, तर आकडा चांगला दिसला तरी थांबावे आणि बोटाच्या रक्ताने खात्री करावी.

चकतीचा आकडा पाहून इन्शुलिनचा पंप आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रेही निघाली आहेत. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मोडलेला बॉलकॉक पुन्हा बसवण्याचाच हा प्रयत्न आहे. मात्र ही साधने महाग आहेत आणि आपल्याकडील बहुसंख्य मुले अजून सुई आणि बोटाच्या थेंबावरच भागवतात.

करून पाहा

प्रयोगशाळेतील सारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती कापूस गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. दोन्ही एकदम कोमट पाण्यात बुडवा आणि दर १५ सेकंदांनी तापमान लिहा. दोन आलेख एकाच कागदावर काढा. गुंडाळलेला तापमापक मागे पडतो, हे दिसेल. चकतीच्या विलंबाचे कारण तुम्हाला आलेखातच सापडेल.

शिक्षक आणि सोबती यांच्यासाठी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ नेण्याची मुभा दिली. परीक्षेत जे चालते, ते मैदानावर का चालू नये?

वर्गातला असा सोबती खेळताना एकाएकी घामाघूम झाला, थरथरू लागला, चिडचिड किंवा असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असण्याचा संभव आहे. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली, की लगेच उपाय करावा. त्याला बसवा, एकटे सोडू नका. १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्यायला द्या. चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका आणि ताबडतोब डॉक्टरांची मदत मिळवा.

प्रत्येक मुलाला मोठ्या क्लबाचे आमंत्रण येणार नाही. कवायतीच्या सरांच्या पिशवीत शिट्टीशेजारी साखरेची एक पुडी आणि पाण्याची बाटली ठेवणे मात्र प्रत्येक शाळेला जमेल. मग झाडाखाली बसलेल्या मुलाला संघात घ्यायला हरकत राहणार नाही.