दोन ग्रॅमचं देणं

परसातली कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरते, तेव्हा तिच्या दिवसातलं सगळ्यांत कष्टाचं काम सुरू झालेलं असतं. अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत आला की तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा साठतो. पुढच्या तासा-सव्वा तासात वरचे पातळ पापुद्रे चढतात. त्यानंतरचे जवळजवळ वीस तास जातात ते केवळ कवचासाठी. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि कवचाचा बराचसा भाग रात्री, कोंबडी दांडीवर डोळे मिटून बसलेली असताना चढतो. त्या एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. दीड-दोन किलोच्या जिवाला ते दर अंड्यामागे कुठून तरी आणावं लागतं.

गावरान कोंबडीला हे झेपतं, कारण ती थांबते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, उबवते, पिलं फिरवते. वर्षाकाठी तिची पन्नास-साठ, फार तर ऐंशी अंडी होतात. मधल्या काळात उकिरडा उकरून, किडे-गोगलगायी टिपून, चुना दिलेल्या भिंतीला चोची मारून ती हाडांतला साठा भरून काढते. आता परसात गिरीराजा, वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती आल्या आहेत. नीट खाद्य मिळालं तर ग्रामप्रिया वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते. घरात पोषण येतं, बाईच्या हातात चार पैसे येतात. पण कोंबडी बदलली तरी तिचं ताट तेच राहिलं: उरलेला भात, भाकरीचा कुस्करा, मूठभर मका. १०० ग्रॅम मक्यात कॅल्शियम ०.०५ ग्रॅमसुद्धा नसतं. अंडी सुधारित कोंबडीची आणि खाणं गावरानचं, हा हिशेब जुळत नाही. परसातल्या कोंबड्यांची अंड्यांची बहुतेक दुखणी मला या तुटीशीच येऊन मिळताना दिसतात.

तूट पडली की कोंबडी आधी स्वतःची हाडं खर्ची घालते. मग कवच पातळ होतं, हाताला खरखरीत लागतं, एखाद्या सकाळी खुराड्यात नुसत्या पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं सापडतं. असं अंडं एकदा दिसलं तर घाबरण्याचं कारण नाही. नुकती अंड्यावर आलेली तलंग सुरुवातीला असं एखादं घालतेच. आठवड्यात दुसरं-तिसरं दिसलं, तर मात्र पुढचा धोका ओळखावा. कॅल्शियम केवळ कवचाला लागत नाही, अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही ते लागतं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की स्नायू आकुंचन पावत नाहीत आणि अंडं वाटेतच अडकतं. मऊ कवचाच्या अंड्यावर तर स्नायूंची पकडही बसत नाही.

अंडं अडकलेली कोंबडी ओळखता येते. ती पिसं फुगवून कोपऱ्यात उभी राहते, दाणा टाकला तरी येत नाही, शेपटी खालीवर करत कुंथत राहते. पाय फाकून, अंग उभं धरून चालते. तुरा फिका पडतो. तेल लावलेल्या, नखं कापलेल्या बोटाने शेपटीखालच्या द्वारातून अलगद चाचपलं तर बऱ्याचदा दोनेक इंचांवर टणक अंडं लागतं. अशा वेळी घरात सगळ्यांत आधी सुचतं ते पोट दाबून अंडं काढायचं, आणि तेच सगळ्यांत घातक ठरतं. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारदार कडा अंडनलिका चिरतात आणि जखमेत जंतू शिरतात.

तिला कळपातून वेगळं करा. घमेल्यात हाताला सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन पोट बुडेल अशी पंधरा-वीस मिनिटं बसवा. बहुतेक कोंबड्या थोड्या धडपडीनंतर शांत होतात. मग पिसं पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी गारठली तर दुसरंच संकट उभं राहतं. द्वाराला थोडं खोबरेल लावून तिला उबदार, अंधाऱ्या, निवांत जागी ठेवा, प्यायला पाणी द्या. चोचीतून द्यायचं कॅल्शियमचं द्रावण मिळतं. त्याचं प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. काही तासांनी पुन्हा एकदा शेक द्या. तरीही अंडं आलं नाही तर उद्यावर ढकलू नका, कारण चोवीस तासांपलीकडे जीव वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल फ्री क्रमांक गाठा. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देऊ शकतात, गरज पडली तर सुईने अंड्यातला द्रव ओढून घेऊन ते आकसवू शकतात. गोठ्यातलं ऑक्सिटोसिन कुणी देऊ केलं तर ठाम नकार द्या. वाट उघडलेली नसताना त्याने अंडनलिका फाटू शकते.

हे सगळं टाळायचा उपाय स्वस्त आहे. अंड्यावर आलेल्या कोंबडीला लेयर मॅश द्यावी. तिच्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. ती परवडत नसेल, तर निदान एका वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांची किंवा चुनखडीची जाडसर भरड कायम ठेवावी. कोकणात तिसऱ्यांची टरफलं घरोघरी फेकली जातात. ती धुऊन, वाळवून, कुटली की काम झालं. घरातली अंड्यांची टरफलं भाजून, चुरा करूनही चालतात. भरड जाडसर हवी, कारण ती पोटात रात्रभर हळूहळू विरघळते, नेमकी कवच चढण्याच्या वेळी. म्हणूनच ती संध्याकाळच्या आत खाल्ली जाणं महत्त्वाचं. वाडगा वेगळा ठेवायचा तो पिलांसाठी आणि कोंबड्यांसाठीही: ज्याला जेवढं हवं तेवढं तो उचलतो. लेयर मॅश पिलांना घालू नये, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. आणि दिवसभर पत्र्याखाली डांबलेल्या कोंबडीला थोडं ऊन मिळू द्या. उन्हाशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये उत्तम खाद्य देऊनही कवच पातळ पडतं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं, त्यातला कार्बोनेटचा वाटा तोकडा पडतो. त्यात खाणंही कमी होतं. सावली, खेळती हवा, माठातलं गार पाणी आणि खाद्य पहाटे व सायंकाळी, एवढं सांभाळलं की बराच फरक पडतो.

अंड्यावेळी कधी अंग बाहेर येतं. फार मोठं अंडं, अती चरबी किंवा अंगाने न भरलेली तलंग लवकर अंड्यावर येणं ही त्याची नेहमीची कारणं. इथे पहिला धोका बाकीच्या कोंबड्यांचाच असतो. लाल काही दिसलं की त्या टोचतात आणि तासाभरात आतडी ओढून काढतात. तिला लगेच हलवा, कोमट पाण्याने स्वच्छ करा. सूज जास्त असेल तर त्यावर साखर भुरभुरवली की पाणी सुटून ती उतरते. मग तेल लावलेल्या बोटाने अंग हळुवार आत सारा. काही दिवस अंधारात ठेवलं की अंडी थांबतात आणि स्नायूंना उसंत मिळते. तरी हे दुखणं उलटतं, हे धरून चला.

पोट फुगलंय, पण हाताला टणक गोळा न लागता पाण्याची पिशवी लागतेय, तर ते वेगळं प्रकरण आहे. बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडला आणि त्यात ई. कोलाय वाढले की उदरपोकळीला सूज येते. घरगुती शेकाने ते बरं होत नाही. डॉक्टरांनाही उशिरा दाखवलेली कोंबडी क्वचितच वाचवता येते, आणि अशा वेळी तिला वेदनेशिवाय जाऊ देण्याचा सल्ला त्यांनी दिला तर तो ऐकावा.

सगळ्या कळपाचीच अंडी एकदम घटली तर कॅल्शियमच्या मागे लागू नका. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, पिसं गळायला लागली, तर ती विश्रांती आहे. पण अंड्यांवर सुरकुत्या, पांढरा पाण्यासारखा, सोबत शिंका आणि घरघर दिसली तर संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस किंवा मानमोडी असू शकते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी अशी देतात. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्या कापू नका, विकू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं, ते नंदुरबारकर विसरलेले नाहीत.

औषध सुरू झालं की एक प्रश्न डॉक्टरांना आठवणीने विचारा: अंडी किती दिवस खायची नाहीत? प्रतिजैविकांचा अंश अंड्यात उतरतो आणि प्रत्येक औषधाची मुदत वेगळी असते. तेवढे दिवस त्या कोंबडीची अंडी घरातही खाऊ नयेत, शेजारी देऊ नयेत आणि बाजारातही नेऊ नयेत.