चाऱ्याचे वजन: ओले की वाळलेले?

न्यूझीलंडच्या चांगल्या कुरणातून वर्षाला हेक्टरी १२ टनांच्या आसपास चारा निघतो. हे ऐकून आपल्याकडचा कोणी म्हणेल, "एवढाच? आमचे बरसीम तर ८० टन निघते!" दोन्ही आकडे खरे आहेत, पण तराजू वेगळे आहेत. तिकडे पाणी वगळून फक्त शुष्क चारा मोजतात. आपण कापलेला ओला भारा मोजतो. बरसीमच्या १०० किलोंत सुमारे ८५ किलो पाणीच असते. म्हणजे ८० टनांतून उरले १२ टन. बरोबरी झाली! तेव्हा बियाणे विकणारा मोठा आकडा सांगू लागला, की "ओले की वाळलेले?" हे आधी विचारावे.

बरसीम मूळचे इजिप्तचे. पाण्याची सोय असेल तर भोपाळकडे ते ऑक्टोबरात पेरावे. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढे महिन्याच्या अंतराने एप्रिलपर्यंत.

खरे मागे पडतो ते माळावरच्या गवतात. न्यूझीलंडात पाऊस वर्षभर विभागून पडतो, आपला चार महिन्यांत आटोपतो. त्याला इलाज नाही. पण कापणीची वेळ आपल्या हाती आहे. पवना, मारवेल, कुसळी ही गवते फुलोऱ्यात येताच कापावीत. आपण बी गळेपर्यंत थांबतो. भारा जड दिसतो, पण त्यातील प्रथिने निम्म्याहून कमी झालेली असतात. शिवाय कुसळीची कुसळे जनावराच्या तोंडात रुततात ती वेगळीच. भर पावसात गवत वाळवायचे कसे, ही अडचण रास्त आहे. अशा वेळी मुरघास करावा: गवत थोडे सुकवून, बारीक कुट्टी करून, मळीचे पाणी शिंपडून खड्ड्यात घट्ट दाबावे व वरून प्लास्टिकने हवाबंद करावे. दीड महिन्याने काढता येतो. झाशीला १९६२ पासून गवत व चारा संशोधन संस्था आहे. भोपाळहून ती फार दूर नाही.

आता गोठ्याचा हिशेब. ४०० किलोंच्या गाईला दिवसाला सुमारे १० किलो शुष्क चारा लागतो. ३० किलो बरसीममधून साडेचार किलोच मिळतो. उरलेला पाच-सहा किलो गव्हाच्या भुशातून द्यावा. भुसा आधी घालावा किंवा बरसीममध्ये मिसळावा. उपाशी जनावराला नुसते कोवळे, दवाने भिजलेले बरसीम घातले तर पोट फुगते. डावी कूस ढोलासारखी ताणलेली दिसली, तर पशुवैद्याला त्याच क्षणी बोलवावे.