स्कीच्या तळाचे मेण
बर्फ मुळातच निसरडा म्हणून स्की घसरते, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी 1939 साली प्रसिद्ध केलेल्या व स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथेही केलेल्या प्रयोगांनी छेद दिला. घर्षणाच्या उष्णतेने तळाखाली पाण्याचा अतिसूक्ष्म थर निर्माण होतो आणि घसरण मुख्यत्वे त्याच्याच आधारे होते, असे त्यांनी प्रतिपादिले. मेणाची सारी मातब्बरी या पाण्याशी निगडित आहे. कडाक्याच्या थंडीत हिमकणांची तीक्ष्ण टोके मऊ मेणात रुततात, सबब तेथे कठीण मेण लागते. ओल्या बर्फात मात्र पाणी अतोनात होऊन तळाला ओढून धरते, तेव्हा मऊ, जलरोधक मेणच कामी येते. पॉलिथिलीनच्या तळावर ते इस्त्रीने वितळवून पसरावे, आणि इस्त्रीखालून धूर निघू लागल्यास ती फाजील तापली असे खुशाल समजावे, मग पुरते निवल्यावर, एवढ्या निगुतीने लावलेले ते मेण प्लॅस्टिकच्या पट्टीने जवळजवळ सगळे खरवडून टोकाकडून शेपटीकडे ब्रश फिरवावा (हा उफराटा कारभार नवशिक्याच्या सहसा पचनी पडत नाही!), कारण उपयोगाचा अंश तेवढा तळात मुरलेला असतो. वेगात अग्रेसर असलेले फ्लोरिनयुक्त मेण मात्र निसर्गात दीर्घकाळ विघटनावाचून राहते, या कारणास्तव आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून आपल्या शर्यतींतून त्यास हद्दपार केले.